गाळलेल्या जागा

चोरून करायच्या गोष्टी वयाबरोबर बदलत जातात. शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकात बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा घालून वाचायची. कॉलेजात टपरीमागे सिगारेटचा एक झुरका मारून वर मूठभर बडीशेप चघळायची. आणि पन्नाशीनंतर, डॉक्टरांनी साखर बंद केली की, फ्रिजचे दार आवाज न करता उघडायला शिकायचे. हा साधारण सर्वमान्य अभ्यासक्रम आहे. माझ्या बाबतीत मात्र तो उलटा फिरला. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी रात्री अकरानंतर, घरातले दिवे मालवले की, कानांत इअरफोन घालून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी काढलेल्या मालिका पाहतो. शाळेतली प्रेमप्रकरणे, मैत्रिणींचे रुसवे, कुणी कुणाच्या निरोपाला उत्तर दिले नाही म्हणून दोन-दोन भाग चाललेला आकांत, हे सगळे मी जिवाचा कान करून ऐकतो.

पूर्वी अशी चोरी पकडायला आई किंवा मास्तर लागत. हल्ली यंत्रच चहाडी करते. टीव्ही लावला की पडद्यावर आपल्या नावाचा चौकोन येतो आणि त्याच्याखाली 'तुमच्या आवडीचे' म्हणून एक रांग उभी राहते. माझ्या वयाच्या माणसाच्या रांगेत दुसरे महायुद्ध, एखादा खून, फार तर हिमालयातले पक्षी असावेत. माझ्या रांगेत दप्तरे, सायकली आणि दातांना तारा लावलेली हसरी पोरे! बायकोने ती रांग पाहिली तेव्हा मी, इंग्रजी सुधारते, असा खुलासा केला. "अहो, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली. आता इंग्रजी सुधारून काय इंग्लंडला जायचंय?" असे म्हणून ती आपल्या कोरियन मालिकेकडे वळली. त्या मालिकेला आमच्या घरात प्रतिष्ठा आहे. माझ्या मालिकांना नाही.

आणि का असावी, असाही प्रश्न आहे. या मालिकांत हसण्यासारखे पुष्कळ असते. अमेरिकेतल्या शाळांत अभ्यास होतो की नाही कोण जाणे. मालिकांतल्या शाळांत निदान होत नाही. लांबलचक व्हरांडा, भिंतीला लोखंडी कपाटे, आणि त्या कपाटांना टेकून चाललेले अखंड संभाषण. वर्षाकाठी एक नाचाचा समारंभ, आणि त्यात कुणाचे तरी मन मोडलेच पाहिजे, असा जणू शिक्षणखात्याचा नियम. 'बेव्हर्ली हिल्स ९०२१०' ही या प्रकारातली गाजलेली मालिका ऑक्टोबर १९९० मध्ये सुरू झाली आणि २००० पर्यंत चालली. तीत शाळेचे वर्तमानपत्र चालवणारी अभ्यासू अँड्रिया होती. ती भूमिका करणारी गॅब्रिएल कार्टेरिस मालिका सुरू झाली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती! आपल्याला अर्थात याचे फारसे आश्चर्य वाटायला नको. चाळिशीतल्या नायकांना बगलेत वही देऊन कॉलेजात पाठवण्याची परंपरा हिंदी चित्रपटाने कितीतरी वर्षे निष्ठेने पाळली आहे. पुढे १९९८ मध्ये 'डॉसन्स क्रीक' आली. तीतली पंधरा वर्षांची मुले खाडीकाठी बसून स्वतःच्या मनाचे असे विच्छेदन करीत, की त्यांच्यापुढे आमचे मानसशास्त्राचे प्राध्यापक फिके पडावेत. त्या वयात आम्हाला मनात काय चालले आहे विचारले असते, तर "काही नाही" यापलीकडे उत्तर मिळाले नसते.

हे सगळे कळते. तरी पाहतो.

या नादाची सुरुवात १९९० नंतरच्या त्या केबलच्या वर्षांत झाली. तेव्हा स्टार प्लस ही इंग्रजी वाहिनी होती, आणि तिच्यावर 'द वंडर इयर्स' लागत असे. अमेरिकेत ही मालिका १९८८ ते १९९३ अशी चालली. गोष्ट घडते १९६८ पासूनच्या पाचेक वर्षांत. केव्हिन अर्नोल्ड नावाचा बारा वर्षांचा मुलगा, त्याचे आईवडील, दांडगट भाऊ, बंडखोर बहीण, चष्मेवाला मित्र आणि शेजारची विनी. पडद्यावर दिसतो तो मुलगा. पण आवाज ऐकू येतो तो मोठा होऊन मागे वळून पाहणाऱ्या केव्हिनचा. म्हणजे प्रत्येक प्रसंग आपण दोनदा अनुभवतो. एकदा, काहीच न कळणाऱ्या पोराच्या डोळ्यांनी, आणि त्याच क्षणी, सगळे कळून चुकलेल्या माणसाच्या आवाजातून. पहिल्याच भागात विनीचा मोठा भाऊ व्हिएतनामच्या युद्धात मारला गेल्याची बातमी गल्लीत येते. मुलांच्या मालिकेत इतक्या लवकर मरण येईल, याची मला कल्पना नव्हती.

पण माझ्या मनात घर केले ते वडिलांच्या ऑफिसच्या भागाने. केव्हिनचे वडील जॅक संध्याकाळी घरी येतात तेव्हा घर श्वास रोखून असते. ते कसे आत आले, काय बोलले, यावरून आजची संध्याकाळ कशी जाणार हे सगळ्यांनी ओळखायचे. ते नेमके काय काम करतात, हे मुलाला ठाऊक नसते. मग एक दिवस तो त्यांच्याबरोबर ऑफिसात जातो. सुरुवातीला वडील त्याला राजासारखे वाटतात. टेबल, फोन, हाताखालची माणसे, सगळा रुबाब! बोलता बोलता वडील सांगून जातात, की लहानपणी त्यांना जहाजाचा कप्तान व्हायचे होते, ताऱ्यांच्या आधाराने समुद्रातून जहाज न्यायचे होते. आणि त्याच दिवशी वरचा साहेब येऊन मुलाच्या देखत त्यांची खरडपट्टी काढतो. रात्री वडील अंगणात दुर्बीण लावून आकाश पाहत उभे राहतात. रोजच राहत असावेत. पण मुलगा त्यांना पहिल्यांदा पाहतो.

आमचे वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. चपला ते दाराशी कशा काढतात, यावरून आम्ही भावंडे संध्याकाळचा अंदाज बांधत असू. त्यांच्या कचेरीत मी एकदाही गेलो नाही, आणि त्यांना लहानपणी काय व्हायचे होते हे आम्हा कुणालाच ठाऊक नाही. तो भाग पाहिला तेव्हा मी सत्ताविशीत होतो, आणि वडील पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. मी उठून जाऊन त्यांना विचारले, असे लिहिता आले असते तर लेखाला शोभले असते. पण तसे काही झाले नाही. आमच्या घरात असे प्रश्न विचारायची पद्धतच नव्हती, आणि जाहिराती संपून पुढचा कार्यक्रम सुरू झाला होता.

आपल्याकडे या अडनिड्या वयाच्या मालिका झाल्याच नाहीत, असे नाही. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' दूरदर्शनवर आला आणि घरोघरी पोहोचला. पण तो लहान मुलगा. १९९६ मध्ये सोनीवर 'जस्ट मोहब्बत' सुरू झाली. तीतला जय आणि त्याला एकट्यालाच दिसणारा मित्र गौतम, ही कल्पना मोठी गोड होती. १९९८ मध्ये झीवर 'हिप हिप हुर्रे' आली. डीनोबिली हायस्कूलचा बारावीचा वर्ग, पूरब कोहलीचा मझहर, किश्वर मर्चंटची नोनी, विनय पाठकचे विनी सर. मुले मुलांसारखी दिसत होती, मुलांसारखी अडखळत होती. आता खरे युग सुरू होणार असे वाटले, आणि २००० साली 'क्योंकि सास भी कभी बहू थी' आली. मग जे झाले ते आपण सगळ्यांनी रोज रात्री साडेदहाला पाहिलेच आहे.

त्यानंतर आमच्या मालिकांतून तेरा ते अठरा हे वय जवळजवळ नाहीसे झाले. कसे, ते पाहण्यासारखे आहे. मूल पाळण्यात असते. मग ते सहा-सात वर्षांचे होऊन वयाला न शोभणारे शहाणपण बोलू लागते. आणि एका सोमवारी दप्तर पाठीला लावून धावत गेलेले ते पोर जिन्याला वळसा घालून समोर येते ते थेट पंचविशीचा तरुण होऊन. दाढी राखलेली, परदेशातून शिकून आलेला, धंदा सांभाळायला तयार. आईच्या केसांत तेवढ्यात चार रुपेरी बटा आलेल्या. धंद्यात याला 'लीप' म्हणतात. 'क्योंकि'ने तर एका दमात वीस वर्षांची लीप घेतली. 'बालिका वधू'तली छोटी आनंदी सगळ्या देशाची लाडकी झाली होती. तिथेही २०१० मध्ये मालिकेने काही वर्षे ओलांडली आणि अविका गोरच्या जागी प्रत्युषा बॅनर्जी आली. तेरा-चौदाची पोर अठराची कशी होते, हे पाहायला प्रेक्षक तयार होता की नाही, कुणी विचारलेच नाही. मला यामागचे गणित सरळ दिसते. आपल्या मालिका लग्नावर चालतात. ज्या वयात लग्न लावता येत नाही, ते वय मालिकेच्या दृष्टीने फुकट गेले.

मराठी पुस्तकांनी आणि चित्रपटांनी ही उडी मारलेली नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ मध्ये आली, ती आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाची. 'दहावी फ', 'बालक-पालक', 'फँड्री' हे सगळे चित्रपट याच वयाच्या उंबऱ्यावर थांबून राहिलेले. पण चित्रपट दोन तासांत संपतो. मालिका आपल्याबरोबर चार-चार वर्षे राहते. तीतल्या मुलाचा आवाज आपल्यासमोर फुटतो, त्याची उंची दाराच्या चौकटीशी मोजल्यासारखी वाढताना दिसते. ते सुख आपल्या टीव्हीने आपल्याला फारसे दिले नाही.

अर्थात, मालिकावाल्यांना नावे ठेवण्याआधी घराकडे पाहावे. आपल्या घरांत तरी वेगळे काय चालते? मूल आठवीतून नववीत गेले की वातावरणात एक प्रकारची संचारबंदी लागू होते. दहावीच्या वर्षी टीव्हीचे कनेक्शन काढून टाकायचे, लग्ना-मुंजीला घरातल्या एकानेच जायचे, पाहुण्यांनी हळू बोलायचे. मुलाने गिटार मागितली, मित्रांबरोबर सिंहगडावर जायचे म्हटले, किंवा नुसतेच संध्याकाळी गॅलरीत उभे राहून रडले, तरी सगळ्याला एकच उत्तर: "एकदा दहावी होऊ दे, मग बघू." दहावी होते. मग बारावी होऊ द्यायची असते. मग थेट मुलगा गाडीत बॅगा भरून हॉस्टेलला निघालेला दिसतो, मुलगी पहिल्या पगाराची साडी आईच्या हातात ठेवते. झाली लीप! कपाटातले जुने अल्बम काढून पाहा. बारशाचे फोटो ढीगभर, शाळेच्या स्नेहसंमेलनातला ससा, पाचवीतली सहल. आणि मग एक मोठी रिकामी जागा. आमच्या आईला, तिचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे, माझे दहावीचे विषयवार गुण तोंडपाठ आहेत. त्या वर्षी मी कुणाच्या घरावरून रोज सायकल हळू करीत जात होतो, हे मात्र तिला माहीत नाही. ते मी इथेही सांगणार नाही.

परीक्षेत 'गाळलेल्या जागा भरा' हा पहिला प्रश्न असायचा, सोप्या गुणांचा. मला वाटते, रात्री अकरानंतर मी तोच प्रश्न सोडवायला बसतो. परक्या देशातली, परक्या भाषेतली ही पोरे. पण जे वय आमच्या टीव्हीने गाळले आणि घरानेही गाळले, ते इथे कुणीतरी सावकाश, तपशिलात, मिनिटामिनिटाने दाखवते आहे.

मात्र या वयात पाहताना नजर मुलांवरच राहत नाही. 'माय सो-कॉल्ड लाइफ' नावाची मालिका ऑगस्ट १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि जानेवारी १९९५ मध्ये प्रेक्षकांअभावी बंद पडली. सारे एकोणीस भाग. मी ती फार उशिरा पाहिली. पंधरा वर्षांची अँजेला केस लाल रंगवून घरी येते इथून ती सुरू होते, आणि तिची आई ते केस पाहून जे बोलत नाही त्यावर पुढे चालते. अँजेलाचे काम करणारी क्लेअर डेन्स खरोखरच त्या वयाची होती. त्यामुळे कायद्याप्रमाणे तिला दिवसातले ठरावीक तासच काम देता येई, मध्ये शाळाही करावी लागे. मग उरलेल्या वेळात चित्रीकरण कुणाचे करायचे? लेखकांनी आईवडिलांची पात्रे वाढवली. छापखाना चालवणारी, सगळ्या जबाबदाऱ्या अंगावर घेतलेली आई पॅटी. नोकरीत मन नसलेला, उत्तम स्वयंपाक करणारा बाप ग्रॅहम. मजूर-कायद्याने साहित्यावर असे उपकार क्वचितच केले असतील. मुलीच्या खोलीचे दार बंद होते आणि कॅमेरा दाराबाहेरच राहतो, आईबरोबर. दार वाजवावे की नाही या विचारात ती उभी असते. मी पंधरा वर्षांचा होतो तेव्हा दाराच्या आत होतो. (म्हणजे, वेगळी खोली असती तर असतो. आमच्या दोन खोल्यांत आठ माणसे होती. एकांतासाठी मोरी होती.) आता मी जिन्यात उभा आहे. एकाच प्रसंगात दोन्हीकडे उभे राहण्याची सोय दुसऱ्या कुठल्या प्रकारच्या मालिकेत आहे, मला माहीत नाही.

माझा एक मित्र शाळेत मुख्याध्यापक होता. त्याला हे सगळे लाड वाटतात. तो म्हणतो, त्या मुलांना सोळाव्या वर्षी मोटार मिळते, प्रत्येकाची स्वतंत्र खोली असते, आणि बाप कामावरून येऊन पलंगाच्या कडेवर बसून मनमोकळे बोलतो. हे कुठल्या जगात घडते? त्याचे म्हणणे खरे आहे. या मालिका बहुतेक करून विकायच्या वस्तू आहेत; कपडे, गाणी आणि केसांच्या तऱ्हा त्यांच्याबरोबर विकल्या जातात. आणि आपल्याकडे अलीकडे या वयाची मालिका निघाली, तिचे नाव 'कोटा फॅक्टरी' आहे. २०१९ मध्ये आलेली, बरीचशी काळी-पांढरी. मुले तिथे घर सोडून येतात ती प्रवेशपरीक्षेसाठी, आणि त्यांचे प्रेम, मैत्री, आजारपण सगळे टेस्ट सिरीजच्या मधल्या सुट्टीत उरकते. ती मला आवडली. खोटे कुठे काही नव्हते, म्हणूनच तिसऱ्या भागानंतर मी उठून पाणी पिऊन आलो.

पण लाड म्हणावे तर २०२५ मध्ये आलेली ब्रिटिश 'अ‍ॅडोलेसन्स' पाहावी. चारच भाग, प्रत्येक भाग एका सलग चित्रणात घेतलेला. तेरा वर्षांच्या जेमीला वर्गातल्या मुलीच्या खुनाबद्दल पोलिस पहाटे घरातून उचलून नेतात. शेवटच्या भागात, वर्षभरानंतर, त्याचे आईवडील शयनगृहात बसून बोलत असतात. पोरगा आपल्या खोलीत होता, दार बंद होते, संगणक चालू होता. घरात आहे म्हणजे सुरक्षित आहे, असे त्यांना वाटले होते. तो भाग मी बायकोबरोबर पाहिला, इअरफोन न लावता. संपल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दार बंद करायला तरी जागा हवी होती आपल्याकडे, नाही का?" ते तिने आमच्या जुन्या दोन खोल्यांबद्दल म्हटले, की मुलीबद्दल, ते मी विचारले नाही.

आमची मुलगी आता अठ्ठावीस वर्षांची आहे आणि बंगलोरला असते. रविवारी सकाळी फोन करते. आजीची गोळी, गॅसचा नंबर, तिकडचा पाऊस एवढे झाले की आमचे बोलणे संपत असे. अलीकडे ते लांबायला लागले, याला कारण देवी विश्वकुमार. 'नेव्हर हॅव आय एव्हर' ही मिंडी केलिंगची मालिका २०२० च्या एप्रिलमध्ये आली आणि २०२३ मध्ये चार हंगामांनंतर संपली. कॅलिफोर्नियातल्या तमिळ घरातली पंधरा वर्षांची भांडखोर देवी. तिचे काम करणारी मैत्रेयी रामकृष्णन ही कॅनडातली मुलगी पंधरा हजार अर्जांतून निवडली गेली होती. शाळेच्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात, देवीच्या डोळ्यांदेखत तिचे वडील हृदयविकाराने जातात. मग आई नलिनी आणि मुलगी, दोघी एकमेकींवर राग काढत जगतात. त्यात साडी नेसून गणेशपूजेला गेलेल्या देवीची फजिती आहे, चावट विनोद आहेत, आणि एका भांडणात देवी आईला सरळ म्हणते, की त्या रात्री बाबांऐवजी तू गेली असतीस तर बरे झाले असते. त्या वेळी नलिनीचा चेहरा पाहावा. ती परत बोलत नाही.

या प्रसंगाविषयी मी लेकीजवळ काही बोललो. तिने तो केव्हाच पाहिला होता. मी म्हटले, मुलगी जरा जास्तच बोलली. ती म्हणाली, "बोलली हे बरं ना, बाबा. मी नुसतीच गप्प बसायचे." आणि मग, जणू त्या मालिकेतलीच एखादी गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "अकरावीत मी दोन महिने क्लासला गेलेच नव्हते. माहितेय तुला?"

माहीत नव्हते. टिळक रोडच्या त्या क्लासच्या दारात स्कूटरवरून मी तिला स्वतः सोडत असे.

"मग कुठे जायचीस?"

"तू वळलास की चालत सारसबागेत. बाकावर बसायचे. वाचायचे, नाहीतर तळ्यातल्या गणपतीला येणारी माणसं बघायचे. साडेसातला परत क्लासच्या दारात."

"एकटीच?"

तिकडून जरा वेळ काही ऐकू आले नाही. मागे कुणीतरी मिक्सर लावला होता.

"तू कुठवर आलायस? तिसरा सीझन?"

"चौथा भाग झाला त्यातला."

"मग तो संपव आधी," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी सांगते."

त्या रात्री मी तीन भाग पाहिले.